बाहुलीचे डोळे छोटे करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही गेली तीन वर्षं कॅनव्हासवर अॅक्रिलिक, जुन्या साड्यांचे काठ, धावदोरा आणि रद्दीतला कागद मिसळून मुलींची चित्रं करता. चेहरे बाहुलीचे, डोळे चांगले टपोरे. बघणारे सगळे "अय्या, किती गोड!" म्हणतात. एका गॅलरीवाल्यांनी मात्र "बाहुलीछाप वाटतंय, डोळे जरा आवरा" असं म्हणून चित्रं परत पाठवली. तर डोळे छोटे करू का, खऱ्या बाहुल्यांची डोकी लावली तर चित्राला वजन येईल का, आणि हे सगळं कुणाची नक्कल ठरतं का, अशी तुमची तीन टोकं आहेत. सोबत तीन चित्रांचे फोटोही दिलेत.

मी बावीस वर्षं मिश्र माध्यमात काम करते आणि त्यातली निम्मी वर्षं बाहुल्यांनीच खाल्ली आहेत. म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणं. डोळे छोटे करू नका. निदान इतक्यात नको. तुमचे डोळे मोठे आहेत ही अडचण नाहीच. त्यांना तुमच्या चित्रात काही काम नाही, ही अडचण आहे. ते नुसते समोर बघत बसलेत, आणि बाकीचं चित्र त्यांच्याभोवती पाहुण्यासारखं उभं आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्यावर अवलंबून आहे. ही चित्रं तुम्हाला लहान मुलांच्या खोलीत, शुभेच्छापत्रांवर, कापडी पिशव्यांवर छापायची असतील, तर "किती गोड" ही तक्रार नसून पावती आहे. गोड काढणं सोपं नसतं आणि त्यात कमीपणाही नाही. तसं असेल तर पुढचं सगळं सोडा, फक्त साहित्याबद्दल लिहिलंय तेवढं वाचा. पण "गोड" ऐकून तुम्हाला आतून खट्टू व्हायला होतं, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. त्या अर्थी तुम्हाला आणखी काही म्हणायचंय.

ते "गोड" येतं कुठून, ते बघू. कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तन-अभ्यासकाने १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, उंच कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूला बसलेले मोठे डोळे आणि गोबरे गाल दिसले, की माणसात सांभाळण्याची ऊर्मी जागी होते. समोर बाळ असो, मांजराचं पिल्लू असो की प्लॅस्टिकची बाहुली. म्हणजे बघणाऱ्याची ती "अय्या" तुमच्या चित्राला मिळालेली नाही, प्रमाणाला मिळालेली आहे. तुमचा रंग, तुमची शिवण, आजीच्या इरकलीचा काठ, यातलं काही बघायच्या आधीच ती तोंडातून गेलेली असते. मोठा डोळा हे उसनं भांडवल आहे. ते लगेच मिळतं, पण वापरायचं कशासाठी ते ठरवलं नाही तर सगळं चित्र व्याजात जातं.

कला शिकताना आपल्याला चेहरा पाच डोळ्यांएवढा रुंद असतो असं सांगतात. माझा अनुभव असा, की डोळा चेहऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत नेला तर मूल दिसतं, तिसऱ्या हिश्श्यावर बाहुली होते, आणि त्यापुढे गेलं की मुखवटा किंवा किडा. तुमच्या पहिल्या दोन चित्रांत तो बरोब्बर तिसऱ्या हिश्श्यावर आहे. तिथे सगळेच जाऊन बसलेत, म्हणून "छाप" वाटतं. एखाद्या चित्रात मुद्दाम पुढे जाऊन बघा. गोडवा जिथे फाटतो ती जागा दिसली, की परत किती मागे यायचं ते कळतं.

या वाटेने आधी कोण गेलं, त्याचे दोन-तीन दाखले देते, कारण तुमचं उत्तर त्यातच सापडेल. मार्गारेट कीन या अमेरिकन चित्रकर्तीची मोठ्या, ओल्या डोळ्यांची उदास मुलं १९६०च्या दशकात घराघरांत पोहोचली होती, आणि श्रेय घेत होता नवरा वॉल्टर. १९८६ मध्ये होनोलुलूच्या कोर्टात हा वाद आला तेव्हा न्यायाधीशांनी दोघांनाही तिथेच चित्र काढायला सांगितलं. वॉल्टरचा खांदा दुखायला लागला. मार्गारेटबाईंनी ५३ मिनिटांत चित्र पुरं केलं. ही गोष्ट लोक बाईंच्या विजयाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र त्यातली ती ५३ मिनिटं नेहमी टोचतात. डोळा हाताला इतका बसला होता की कोर्टात, सगळ्यांदेखत, तासाच्या आत उतरला. तीच तिची सही आणि तोच तिचा साचा. नवऱ्यापासून सुटल्यावर हवाईत तिच्या चित्रांतले रंग उजळले, मुलं हसायला लागली. डोळा तसाच राहिला. तुमच्या हातालाही तो तसा बसलाय का, एवढं स्वतःला विचारा. पहिल्या दोन चित्रांतला डोळा मला अगदी एकाच स्टेन्सिलने काढल्यासारखा वाटला.

दुसरा दाखला ब्लाइथ बाहुलीचा, कारण तुमच्या दुसऱ्या चित्रातली मुलगी तिचीच धाकटी बहीण आहे. अमेरिकेत केनर कंपनीने १९७२ मध्ये ती काढली. डोक्यामागची दोरी ओढली की डोळे मिटायचे आणि उघडताना रंग बदलायचे, असे चार रंग. मुलींना ती रुचली नाही आणि वर्षभरातच बंद झाली. मग २००० मध्ये तिच्या फोटोंचं पुस्तक निघालं, जपानात जाहिरातीत झळकली, आणि २००१ पासून ताकारा कंपनीने ती नव्याने काढली, ती आता मोठ्या माणसांसाठी. बाहुली तीच, डोळे तेच. खेळायला घेतली तेव्हा चालली नाही, आणि बघायला घेतली तेव्हा वेड लावलं. म्हणजे डोळ्याचा अर्थ डोळ्यात नसतो, बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतो. बघणाऱ्याला कुठे उभं करायचं हे तर चित्रकाराच्या हातात असतं.

आणि तिसरे जपानी चित्रकार योशितोमो नारा. त्यांच्या मुलींची डोकी मोठी, डोळे मोठे, पण जुन्या चित्रांत पापण्या खाली ओढलेल्या आणि नजर तिरपी. नुसत्या वरच्या पापणीच्या रेषेने त्यांनी गोडाचं तिखट केलं. त्यांचं २००० सालचं एक मोठं चित्र २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात १९ कोटी ५० लाख हाँगकाँग डॉलरच्या वर गेलं. शीर्षकाचा अर्थ "पाठीमागे सुरी". लाल फ्रॉकमधली मुलगी आपल्याकडे डोळे वटारून बघते, तिचा एक हात मागे आहे. सुरी चित्रात कुठेच दिसत नाही, ती फक्त नावात आहे. तिथे डोळ्याला काम मिळालंय. तो काहीतरी लपवतोय, आणि आपण हात शोधतोय.

हे सगळे झाले तिकडचे. पण मला स्वतःला वाट सापडली ती इथेच, आणि तीही उशिरा.

माझं आजोळ पेणचं. सुट्टीत आम्ही शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसायचो. शाडूकाम, रंगकाम कुणीकुणी करायचं, पण डोळ्यांची आखणी शेवटी आणि एकच कारागीर करायचा. तो बसला की आम्हा पोरांना बाहेर काढायचे. एकदा दाराच्या फटीतून पाहिलं होतं: त्याने श्वास धरला, वरच्या पापणीची रेष एका झटक्यात ओढली, आणि तोवर माती असलेली मूर्ती आमच्याकडे बघायला लागली. आखणीआधी मूर्तीकडे आम्ही बघत होतो. आखणीनंतर ती.

आपल्याकडे मोठा डोळा मुळात बाळाचा नाहीच. तो बघणाऱ्याचा आहे. देवीच्या तांदळ्याला चांदीचे डोळे लावतात, तेव्हा नाक-तोंड नसलं तरी चालतं. पिंगुळीच्या चित्रकथीतल्या, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायच्या चित्रांतल्या, पात्रांचे डोळे बघा, किंवा पश्चिम भारतातल्या जैन पोथ्यांतला तो पलीकडचा डोळा, जो बाजूने काढलेल्या चेहऱ्याच्या रेषेबाहेर येऊन लटकतो. यातलं कुणीही "मला उचलून घ्या" म्हणत नाही. मराठी माणसाच्या मनात म्हणून दोन मोठे डोळे आधीपासून असतात, एक बाहुलीचा आणि एक देवीचा. पुण्याच्या तुळशीबागेत भातुकलीची भांडी आणि देवांचे मुखवटे शेजारशेजारच्या दुकानांत मिळतात, तसे हे दोन्ही डोळे आपल्या डोक्यात शेजारी राहतात. जपानी किंवा अमेरिकन चित्रकाराकडे ही सोय नाही. तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही ती वापरत नाही आहात.

दोघांत फरक काय, हे मी एक पावसाळाभर चाळीस-पन्नास डोळे काढून शोधलं. बाहुलीचं बुबुळ भलं मोठं असतं, पांढरं जवळजवळ दिसत नाही, आणि आत दोन चमकते ठिपके, एक मोठा वर आणि एक छोटा खाली. त्या दुसऱ्या ठिपक्यानेच डोळा ओला, रडवेला, लाडिक होतो. देवीच्या डोळ्यात बुबुळ लहान, चारी बाजूंनी पांढरं मोकळं, ठिपका नाही, आणि पापण्यांच्या रेषा टोकाला नीट मिटवलेल्या. डोळ्याचा आकार तोच ठेवून फक्त बुबुळ लहान करा आणि एक ठिपका पुसा, मुलगी लगेच पाच वर्षांनी मोठी होते. दोन्ही ठिपके पुसले तर ती तुमच्याकडे बघायचं थांबते आणि तुमच्या आरपार बघते. हे वाचून पटणार नाही, काढूनच बघा.

एक सावधगिरी. पूजेच्या दुकानातून देवीचे डोळे आणून बाहुलीला चिकटवण्याचा मोह मलाही झाला होता. केलं नाही. कुणाला काय वाटेल या भीतीने नाही, तर ते फारच सोपं होतं म्हणून. बघणारा दचकला असता आणि तिथेच संपलं असतं.

आता मिश्र माध्यमाचं म्हणाल तर तुमच्या हातात तेलरंगवाल्यांपेक्षा जास्त आहे, कारण तुमचा डोळा रंगाचाच असायला हवा असं नाही. बटणाचा डोळा लावला की बाहुली कुणीतरी दुरुस्त केलेली होते, म्हणजे चित्रात न दिसणारा एक माणूस आला. आभल्याचा लावला की बघणारा स्वतःच त्यात अडकतो. कॅनव्हास कापून नुसतं भोक ठेवलं तर मागची भिंत बघायला लागते. माझं एक चित्र आईच्या टिकल्यांचं आहे. बाथरूमच्या आरशावर वर्षानुवर्षं चिकटवलेल्या मरून टिकल्या तिच्या मागे मी काढून घेतल्या आणि त्यांचीच बुबुळं केली. त्याला आजवर कुणी गोड म्हणालं नाही. (टिकलीचा मूळ गोंद वाळला की ती गळते, मागून अॅक्रिलिक मीडियमचा, म्हणजे बिनरंगाच्या अॅक्रिलिकचा, हात द्यावा लागतो.)

तुमच्याकडे काठ आहेत, धावदोरा आहे, पण ते सगळे चेहऱ्याच्या आजूबाजूला, चौकटीसारखे. चेहरा मात्र गुळगुळीत अॅक्रिलिकचा. म्हणून चित्र दोन वाटतात. धावदोरा एकदा पापणीवरून नेऊन बघा. आणि एक कसोटी, जी मी आजही लावते: कागदाच्या दोन चकत्या कापून चित्रातल्या डोळ्यांवर ठेवायच्या आणि चहा पिऊन यायचं. डोळे झाकलेलं चित्र बघण्यासारखं राहिलं तरच डोळे उघडायचे. म्हणूनच डोळे मी पेणच्या त्या कारागिरासारखे सगळ्यात शेवटी काढते. तुम्ही फोटोंवरून तरी सगळ्यात आधी काढता असं दिसतं, आणि मग बाकीचं त्यांच्या धाकात होतं.

खऱ्या बाहुल्यांची डोकी. इथे मी चांगलं शुल्क भरलंय, म्हणून जरा सविस्तर.

मऊ बाहुल्या बहुतेक पीव्हीसीच्या, म्हणजे व्हिनाइल प्लॅस्टिकच्या, असतात. त्या मऊ राहाव्यात म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते वर्षांनुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं. मुंबईतल्या जुन्या बाजारातून आणलेली तीन डोकी मी एका पॅनेलवर बसवली, वर रंग दिला, विकलंही. दोन पावसाळ्यांनंतर घेणाऱ्यांचा फोन आला: बाहुल्यांना घाम फुटलाय. खरंच, चेहरे चिकट झाले होते, रंग मऊ पडला होता आणि त्यावर घरातली सगळी धूळ बसली होती. एकीच्या कानात मी तांब्याची तार ओवली होती, तिथे हिरवा डाग गालापर्यंत उतरला होता. तो निघत नाही. पैसे परत केले. तेव्हा डोकं लावायचंच असेल तर कडक प्लॅस्टिकचं निवडा, तांबं-पितळ त्याला टेकू देऊ नका, आणि मऊ व्हिनाइलवर तेलरंग तर अजिबात नको, वाळतच नाही.

त्याहून बरं म्हणजे चेहरा स्वतः करा. कागदाचा लगदा, फेव्हिकॉल आणि व्हाइटिंग पावडर (खडूची पूड), एवढ्यात उत्तम उठाव येतो, वजन कमी राहतं आणि चेहरा तुमचा असतो. पिठाची खळ मात्र टाळा, कसर आणि झुरळं सोडत नाहीत. जुने पुस्तकबांधणीवाले त्यात मोरचूद घालायचे, पण ते विष आहे, घरात मुलं असतील तर नकोच.

डोळ्यावर काचेसारखा घुमट हवा म्हणून सगळे रेझिन ओततात. स्वस्त इपॉक्सी उजेडात पिवळं पडतं, आणि पिवळ्या डोळ्यांची बाहुली काविळीची दिसते. माझा जुगाड सांगते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांकडे जुन्या फुगीर गोल काचा पडून असतात, कधी फुकटही देतात. पण काच जड, ताणलेल्या कॅनव्हासवर कालांतराने निखळते. जडावाचं काम असेल तर प्लायवूडच्या पॅनेलवर या. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुश्शाची फळी) नको, आपल्या पावसात फुगतं.

वर्तमानपत्राचा कागद पिवळा होऊन तुटणारच. मीडियमने दोन्ही बाजूंनी बंद केला तर वेग कमी होतो, इतकंच. मजकूर जपायचा असेल तर चांगल्या कागदावर लेझर प्रिंट काढून तो वापरा. इंकजेट प्रिंटवर ओलं मीडियम लागलं की शाई पसरते, हे तुमच्या दुसऱ्या चित्रातल्या तिकिटांवरून कळतंच आहे.

नक्कल ठरते का? मोठे डोळे ही कुणाच्या मालकीची गोष्ट नाही, शैलीवर हक्क सांगता येत नाही. विशिष्ट चेहऱ्यावर येतो. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृतीचं संरक्षण कलाकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं आहे, आणि बाहुलीचं नाव, बोधचिन्ह हे ट्रेडमार्कचं वेगळंच प्रकरण. एकाच बाहुलीचं डोकं विकत घेऊन एका चित्रात लावणं, आणि तिच्या डोक्याचा साचा काढून पन्नास ओतणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं करू नका. मधलं काही करायचं असेल आणि विकायचं असेल तर वकिलाला विचारा, मी चित्रकार आहे. माझा स्वतःचा नियम घरगुती आहे: खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कुणी बाहुलीचं नाव घेऊन ओळखलं, तर चेहरा बदलायचा.

आता तुमची तीन चित्रं. पहिलं, निळ्या डोळ्यांचं, ठेवून द्या, ते सरावाचं आहे. दुसऱ्यात तिकिटं आणि डोळे दोन्ही एकाच वेळी ओरडतात. तिकिटांवर पातळ पांढऱ्या रंगाचा हात मारून त्यांना मागे ढकला, किंवा बुबुळंच तिकिटांची कापा.

तिसरं अर्धवट आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि मी सगळ्यात जास्त वेळ त्याच्यापुढे बसले. त्यातली मुलगी डावीकडे चौकटीबाहेर बघते आणि साडीचा काठ नेमका तिथेच, तिच्या नजरेच्या वाटेवर, उसवलेला सोडलाय. ती काय बघते हे मला कळलं नाही. तुम्हीही चित्रात सांगू नका. गॅलरीवाल्यांना पाठवलेल्यात हे नव्हतं, असं मी धरून चालते. काठ टाचायचा राहिलाय असं वाटून तो शिवायला घेऊ नका, आणि डाव्या डोळ्यातला खालचा पांढरा ठिपका तेवढा पुसा.